तात्यांच्या पायाशी पाणी

मित्रांनो, गाझियाबादला वैशालीत आमची सोसायटी आहे. तिच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड आहे, आणि शेडच्या अगदी टोकाला, पाण्याच्या टाकीला लागून, एक लहानशी पांढरी गाडी उभी असते. ती मी. पांढरी आता नावालाच. इकडच्या धुळीने माझा रंग जुन्या चादरीसारखा झाला आहे. शेजारच्या गाड्या माझ्याहून उंच आणि रुंद आहेत. त्यांची डिकी बटण दाबले की आपोआप उघडते. माझी उघडायची तर आधी हाताने थोडी दाबावी लागते, मग ती उघडते. घरच्यांना ते ठाऊक आहे, त्यामुळे आमचे काही अडत नाही.

माझा जन्म हरियाणातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्या कितीतरी जणी रांगेने पुढे सरकत होत्या. कुणी आम्हाला चाके बसवत होते, कुणी काचा, कुणी दिवे. तयार झाल्यावर मी एका शोरूममध्ये उभी राहिले आणि तिथे गुणवंतराव मला बघायला आले.

गुणवंतराव केंद्र सरकारच्या एका खात्यात खरेदी विभागात काम करतात. त्या विभागाची एक शिस्त असते. खुर्ची घ्यायची असो की पंखा, तीन ठिकाणांहून लेखी दर मागवायचे, ते शेजारी शेजारी मांडायचे आणि ज्याचा दर कमी त्याला काम द्यायचे. त्या लेखी दराला कोटेशन म्हणतात. ही शिस्त गुणवंतरावांच्या अंगात इतकी मुरली आहे की कुकरची रबरी रिंग आणायची झाली तरी ते तीन दुकाने फिरून येतात. मलाही त्यांनी तशाच तीन शोरूम फिरून घेतले. दर कमी म्हणून का होईना, मी एका चांगल्या घरात आले.

पण मला खऱ्या अर्थाने आपले मानले ते त्यांच्या पत्नीने, देवयानीबाईंनी. त्या गाडी चालवायला माझ्यावरच शिकल्या. एकदा उड्डाणपुलाच्या चढावर मी बंद पडले. मागे हॉर्नचा कल्ला झाला. एक रिक्षावाला बाजूने जाताना म्हणाला, “मॅडम, गाड़ी सो गई क्या?” देवयानीबाईंना घाम फुटला होता, पण त्या उतरल्या नाहीत. स्टीअरिंगवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, “चल गं बाई. तूही नवीन, मीही नवीन.” आणि आम्ही दोघी चढ चढून गेलो. तेव्हापासून आमचे जमले.

पुढे त्यांची लेक रेवती झाली. दवाखान्यातून ती माझ्याच मागच्या सीटवर घरी आली. तिच्या बिस्किटांचा चुरा अजून माझ्या सीटच्या फटीत सापडेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी या सगळ्यांना घेऊन थेट नाशिकपर्यंत जाऊन आले आहे. त्या वेळी गुणवंतराव भेटेल त्याला सांगत होते, “एवढीशी आहे, पण वाटेत कुरकुर म्हणून केली नाही.” मित्रांनो, गाडीला आणखी काय हवे असते?

मग वर्षे गेली. गुणवंतराव मेट्रोने ऑफिसला जाऊ लागले, रेवती शाळेच्या बसने. मी शेडमध्ये जास्त आणि रस्त्यावर कमी दिसू लागले. माझ्या वयाच्या गाड्या एकेक करून सोसायटीतून निघून गेल्या. आमच्या भागात सरकार ठरावीक वयानंतर गाडी रस्त्यावर येऊ देत नाही, हे तुम्ही ऐकलेच असेल. माझीही थोडीच वर्षे राहिली होती. तेवढ्यात तात्या आले.

तात्या म्हणजे तात्याराव, गुणवंतरावांचे वडील. रेवतीची आजी गेल्यावर ते साताऱ्याहून दिल्लीकडे राहायला आले. आयुष्यभर त्यांनी सरकारी नोकरीत नकाशे काढले होते. सांगतात की त्यांनी हाताने मारलेली रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ यायची. आता मात्र त्यांचे हात थरथरतात. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात आणि कुणी मदतीला पुढे झाले की त्यांना आवडत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले, “व्यायाम चुकवलात तर गुडघा आखडेल, मग मला काही करता येणार नाही.” त्यामुळे दर सोमवारी आणि गुरुवारी देवयानीबाई त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात नेऊ लागल्या. मेट्रोची गर्दी आणि चढउतार त्यांना झेपणारे नव्हते. माझी पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवली की तात्यांचा पाय मात्र मस्त लांब होत असे. पायाशी ते आपली कापडी पिशवी ठेवत. तिच्यात एक्स-रे, टॉवेल आणि पाण्याची बाटली असे. मी पुन्हा कुणाच्या तरी कामाची झाले होते.

डिसेंबरातला एक सोमवार होता. दवाखान्याशी उतरताना तात्यांनी पिशवी उचलली, तर ती खालून ओली होती. माझ्या तळाशी, त्यांच्या पायाखालचे मॅटही भिजले होते. शाळेला नाताळची सुट्टी होती म्हणून रेवती बरोबर होती. ती म्हणाली, “आजोबा, बाटलीचं झाकण नीट नाही लागलं का?”

“लावलं होतं,” तात्या म्हणाले.

“अच्छा, मग ढीलं झालं असेल.”

तात्यांनी झाकण पुन्हा फिरवून पाहिले. गुरुवारी सगळे कोरडे होते. पुढच्या सोमवारी पिशवी पुन्हा ओली. या वेळी घरी गुणवंतराव हसत म्हणाले, “तात्या, तुम्हाला रेवतीची शाळेतली बाटली देऊ का? उलटी धरली तरी सांडत नाही ती.” त्यांनी ते थट्टेने म्हटले होते. पण त्यानंतर तात्यांनी बाटली घरीच ठेवायला सुरुवात केली. तास-तासभर व्यायाम करून तहानलेले तात्या घरापर्यंत तसेच येत. आणि तरीही एका सोमवारी मॅट ओले निघाले.

त्या दिवशी गुणवंतराव आणि देवयानीबाईंनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघेही गप्प राहिले. मित्रांनो, म्हाताऱ्या माणसांबद्दलच्या काही शंका मोठी माणसे तोंडाने बोलत नाहीत. पण तात्यांनी ते बघणे पाहिले होते. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, “माझा गुडघा आता बरा आहे. दवाखाना पुरे झाला.”

मला फार वाईट वाटले. पाणी माझ्यातूनच कुठून तरी येत होते, एवढे मला कळत होते. कुठून, ते मात्र मलाही ठाऊक नव्हते. पोटात दुखते तेव्हा नेमके कुठे दुखते हे तुम्हाला तरी सांगता येते का?

देवयानीबाईंनी तात्यांना काहीच विचारले नाही. त्यांनी मला घेतले आणि जिथे माझी नेहमी सर्व्हिसिंग होते त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेले. तिथे विक्रांत त्यागी नावाचा तरुण सर्व्हिस ॲडव्हायझर होता. पांढरा शर्ट, हातात टॅब, बोलणे अगदी नम्र. त्याने वाकून माझे मॅट उचलले, बोटाने पाणी पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, एसी की कूलिंग कॉइल गई. पूरा डॅशबोर्ड खुलेगा.”

मग त्याने खर्चाचा कागद पाठवला. गुणवंतरावांनी तो आकडा वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

“एवढे पैसे हिच्यावर खर्च करण्यापेक्षा हिला विकलेली बरी,” ते म्हणाले. “तसंही हिचं राहिलंय किती?”

हे बोलणे आतल्या खोलीत तात्यांनी ऐकले. देवयानीबाई दुसऱ्या दिवशी मला पुसता पुसता हे सगळे शेजारणीला सांगत होत्या, म्हणून मला कळले. तात्या काठी टेकत बाहेर आले होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता.

“काय म्हणाला तो वर्कशॉपवाला? गाडीतूनच येतंय ना पाणी?”

“हो तात्या.”

“कागदावर लिहून दिलंय ना तसं?”

“हो.”

“मग करून टाका दुरुस्ती. माझ्या पेन्शनमधून करा. चांगला मुलगा दिसतोय तो. हुशार आहे.”

मित्रांनो, विक्रांतला त्यांनी पाहिलेसुद्धा नव्हते. पण त्याच्या कागदाने तात्यांना सोडवले होते, म्हणून तो हुशार.

गुणवंतरावांनी मग आपल्या शिस्तीप्रमाणे काम सुरू केले. नोएडातल्या दुसऱ्या वर्कशॉपला फोन केला, ऑफिसातल्या मित्राच्या ओळखीच्या गॅरेजला फोन केला. “कूलिंग कॉइल बदलायची काय घ्याल?” दोघांनीही दर सांगितले. रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी तीनही दर एका कागदावर मांडले आणि समाधानाने म्हणाले, “गॅरेजवाला सगळ्यात स्वस्त. बघ, झालं काम.”

देवयानीबाईंनी कागद पाहिला. “अहो, तिघांनाही तुम्ही एकच विचारलंत. बदलायला किती पडतील.”

“मग आणखी काय विचारायचं?”

“बदलायला हवी का, हे कुणाला विचारलंत? त्या दोघांनी तर गाडी पाहिलीही नाही.”

“पहिल्यानं पाहिलीय की. तो काय खोटं बोलेल?”

“खोटं कुठं म्हणतेय मी? त्यानं मॅट उचललं, पाणी बघितलं, बस्स. एकदा नीट तपासून घेऊ या म्हणतेय.”

तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तात्या शांतपणे म्हणाले, “म्हणजे तुझ्या मनात अजून माझी बाटलीच आहे, देवयानी.”

देवयानीबाईंची पंचाईत झाली. वर्कशॉपवर शंका घ्यावी तर ती तात्यांवर घेतल्यासारखी होत होती. शंका न घ्यावी तर घरातले साठवलेले पैसे जात होते, किंवा मी जात होते, आणि माझ्याबरोबर तात्यांचा व्यायामही. गॅरेजवाल्याला होकार कळवण्याआधी थोडे थांबा, एवढेच त्यांनी गुणवंतरावांना सांगितले.

रविवार आला. सोसायटीतल्या गाड्या धुणारा शंभू इतर दिवशी मला नुसत्या फडक्याने पुसतो, रविवारी मात्र पाइप लावून भरपूर पाण्याने धुतो. त्या दुपारी देवयानीबाई रेवतीचे विसरलेले स्वेटर घ्यायला खाली आल्या. त्यांनी डावे दार उघडले. मॅट ओले होते. आत कुणी बसलेच नव्हते.

त्या तशाच दारात उभ्या राहिल्या. माझ्या बोनेटवरून अजून पाणी ओघळत होते. त्यांनी बोनेटकडे पाहिले, मॅटकडे पाहिले. मग मोबाइल काढून कॅलेंडर बघितले. ओले मॅट नेहमी सोमवारी मिळाले होते, गुरुवारी कधीच नाही. आणि एसीचे म्हणाल तर तो दिवाळीपासून कुणी लावलाच नव्हता. दिल्लीकडच्या थंडीत एसी कोण लावतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तात्यांना म्हणाल्या, “तात्या, माझ्याबरोबर वर्कशॉपला चला. मला तुमची मदत लागणार आहे.”

“माझी कसली मदत?”

“तुमच्या सीटवर तुम्हीच बसायला हवं.”

तात्यांनी काठी घेतली.

वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकांसाठी काचेची खोली असते. तिथे सोफा असतो, टीव्ही असतो, कॉफीचे यंत्र असते. गाडी आत कामाला जाते आणि मालक काचेतून तिच्याकडे पाहत कॉफी पितो. विक्रांतने दोघांना तिकडेच बसायला सांगितले. देवयानीबाई बसल्या नाहीत.

“विक्रांतजी, एसी तो दिवाली से बंद है. फिर पानी कॉइल से कैसे आया?”

विक्रांतने टॅबवरची नजर वर केली. “मॅडम, ज्यादातर गाड़ियों में यही निकलता है.”

“हमारी गाड़ी में देखा?”

त्याने टॅब खाली धरला. मग खरे तेच बोलला. “टेस्ट नहीं किया, मॅडम. पानी देखकर लिख दिया.”

“तो आज टेस्ट करते हैं. हमारे सामने. अंकल अंदर बैठेंगे, आप ऊपर से पानी डालिए.”

“कस्टमर को अंदर अलाउड नहीं है.”

“तो पूछकर आइए. हम खड़े हैं.”

तात्या हळूच मराठीत म्हणाले, “अगं, किती त्रास देतेस त्याला.” पण त्यांना ते आवडले होते, हे मी सांगू शकते. विक्रांत मॅनेजरला विचारून परत आला. मला धुण्याच्या जागेवर उभे केले. तात्या आपल्या सीटवर बसले, बूट काढले, वाकून मॅट बाजूला केले आणि देवयानीबाईंनी सकाळीच पुसून कोरड्या केलेल्या माझ्या तळावर तळहात टेकवला. विक्रांतने माझ्या पुढच्या काचेवर पाइप धरला.

पाणी काचेवरून खाली आले, वायपरच्या खालच्या जाळीत शिरले. थोडा वेळ काहीच झाले नाही.

“आलं,” तात्या म्हणाले.

विक्रांतने पाइप बंद केला आणि आत डोके घातले. “अंकल, हाथ गीला हुआ?”

“हुआ. ठंडा भी है.” तात्यांनी हात वर करून दाखवला. “इधर से, बाएँ कोने से आता है. ऊपर से.”

विक्रांतने वायपरखालचे प्लॅस्टिकचे झाकण उघडले. त्या झाकणाखाली, मित्रांनो, माझे एक पन्हाळ आहे. काचेवरचे पाणी त्यातून भोकावाटे खाली जमिनीवर जाते. ते भोक दिसतच नव्हते. तिथे काळ्या लगद्याचा गोळा बसला होता. विक्रांतने तो बोटांनी बाहेर काढला. कुजलेली पाने होती. त्यांत तांदळाचे दाणे होते आणि झेंडूच्या पाकळ्या. वरची काही पाने अजून ओळखू येत होती, मधोमध चिरलेली, जोडपानासारखी.

“मॅडम, ये कचनार के पत्ते गाड़ी में कैसे?”

देवयानीबाईंनी तात्यांकडे पाहिले. तात्या त्या पानांकडे पाहत होते.

गोष्ट अशी की दसऱ्याला आम्हा गाड्यांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे त्या दिवशी एकमेकांना आपट्याची पाने सोने म्हणून देतात. दिल्लीकडे आपटा सहज मिळत नाही, म्हणून तात्या सोसायटीच्या बागेतल्या कांचनाची पाने आणतात. ती आपट्याच्याच कुळातली. घरातल्या सगळ्यांना देऊन झाले की ते खाली माझ्याकडे येतात, मला हळदकुंकू लावतात, अक्षता टाकतात आणि पानांची एक जुडी माझ्या वायपरखाली खोचतात. “तूही वर्षभर राबलीस,” असे म्हणतात. इथे आल्यापासून एकही दसरा त्यांनी चुकवला नाही. पाने वाऱ्याने जाळीतून खाली घसरत गेली, साचत गेली, आणि शेवटच्या जुडीने वाट पुरती बुजवली.

“म्हणजे पाणी शेवटी मीच आत आणलं,” तात्या म्हणाले.

आणि ते हसू लागले. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. देवयानीबाईही हसल्या. विक्रांतला सगळे समजावून सांगितल्यावर तोही हसला. “अंकल, अगली बार सोना सीट पे रखना.”

त्याने पन्हाळ साफ केले आणि पुन्हा पाणी ओतले. या वेळी ते माझ्या चाकामागून जमिनीवर पडले. तात्यांचा तळहात कोरडा राहिला. विक्रांत म्हणाला, “मॅडम, वो एस्टिमेट कैंसल. पहले देखना चाहिए था मुझे.” मग जरा चाचरत पुढे म्हणाला, “लेकिन आगे के ब्रेक पैड सच में घिस गए हैं. अब आप मानेंगी नहीं.”

“दिखाइए, मानेंगे.”

त्याने चाक काढून दाखवले. शेजारी नवा पॅड धरला. जुना इतका झिजला होता की रेवतीलाही फरक कळला असता. देवयानीबाईंनी गुणवंतरावांना फोन लावला.

“पण याची तरी तीन कोटेशन...” तिकडून आवाज आला.

“अहो, ब्रेक आहेत. आणि या वेळी मी वस्तू डोळ्यांनी बघितली आहे.”

“बघितलीस ना? मग टाक बदलून.”

परतताना रस्त्यावर गर्दी होती. मी सावकाश चालत होते. तात्या म्हणाले, “परवा मी तुला टोचून बोललो.”

“तुमचं चुकलं नव्हतं, तात्या. माझ्या मनात खरंच आलं होतं. बाटलीचं नाही. दुसरंच.”

“ठाऊक आहे,” तात्या म्हणाले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. “माझ्याही मनात आलं होतं. आपल्याकडूनच होतंय आणि आपल्याला कळतसुद्धा नाही की काय, असं वाटायला लागलं होतं. झोप लागत नव्हती गं.”

देवयानीबाईंनी गिअर बदलला आणि तोच हात क्षणभर त्यांच्या हातावर ठेवला. मग म्हणाल्या, “दवाखान्याचा रस्ता पुढच्या सिग्नलला वळतो. आज सोमवार आहे. जायचं का?”

“चल,” तात्या म्हणाले.

मित्रांनो, मी आता फार वर्षे तुमच्या रस्त्यांवर दिसणार नाही. तोवर एक मागणे मागते. आम्ही जुने झालो की लोक आमच्याविषयी पटकन ठरवून टाकतात. माझ्यात बिघाड झाला तर मला जरूर वर्कशॉपमध्ये न्या. तिथली माणसे काही आपले वैरी नसतात. फक्त काय बिघडले आहे ते उघडून दाखवायला सांगा, आणि दाखवले तर त्यांचे ऐका. आणि घरातले एखादे म्हातारे माणूस ‘मी नाही सांडले’ असे म्हणाले, तर एकमेकांकडे बघून गप्प बसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि मॅटखाली हात घालून बघा.